मायबाप म्हणावं कुणाला?

काही इंग्रजी शब्दांना मराठीत नेमका प्रतिशब्द सापडत नाही. 'पॅटर्नॅलिझम' हा त्यातलाच एक. कुणी त्याला 'पितृसत्ता' म्हणतं, पण ती भानगड वेगळी. पितृसत्ता म्हणजे घरात आणि समाजात पुरुषाच्या हाती असलेली सत्ता. पॅटर्नॅलिझममध्ये सत्ता बाईच्या हाती असली तरी चालतं. शहाण्यासुरत्या, वयात आलेल्या माणसाचा निर्णय दुसऱ्यानेच घ्यायचा, त्याला विचारायचंही नाही, आणि वर म्हणायचं, "तुझ्याच भल्यासाठी रे!" हा त्याचा गाभा.

मला विचाराल तर या शब्दाच्या सर्वांत जवळचा आपला शब्द आहे 'मायबाप'. आमच्या बीबीसारख्या गावात तो अजून रोज कानावर पडतो. गारपीट झाली, मायबाप सरकारने बघावं. पीकविमा अडकला, मायबाप सरकारने लक्ष घालावं. गंमत पहा, या एका शब्दात माया आणि हुकूम असे दोन्ही अर्थ राहतात. मागणारा मायेच्या आशेने मायबाप म्हणतो, आणि ऐकणारा त्यातला हुकमाचा अधिकार तेवढा घेतो.

बीबी लोणार तालुक्यात, मेहकरकडून सिंदखेडराजाकडे जाणाऱ्या रस्त्यावर. आता इकडे सोयाबीन फार, पण एके काळी पैसा म्हणजे कापूस. त्या कापसाचीच गोष्ट घ्या. १९७१ साली महाराष्ट्राने कायदा केला आणि १९७२ च्या हंगामापासून कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. हेतू चांगलाच होता. व्यापारी शेतकऱ्याला लुबाडतात, काट्यात मारतात, भाव पाडतात. तेव्हा सरकारच कापूस घेईल आणि हमीने भाव देईल. पडत्या बाजारात या योजनेने शेतकऱ्याला सावरलंही, ते नाकारण्यात अर्थ नाही.

पण 'एकाधिकार' या शब्दाकडे नीट बघा. कापूस सरकारी संकलन केंद्रावरच घालायचा. दुसऱ्याला विकला तर गुन्हा. परराज्यात नेला तरी गुन्हा. आमच्या जिल्ह्याची उत्तरेची हद्द मध्य प्रदेशाला लागून, पण तिकडे दोन पैसे जास्त मिळत असले तरी स्वतःच्या शेतातला कापूस लपूनछपून न्यायचा. इकडे केंद्रावर गाड्यांच्या रांगा, ग्रेडर म्हणेल ती प्रत, आणि चुकारे मिळतील तेव्हा मिळतील. पुढे योजनेचा तोटा हजारो कोटींच्या घरात गेला आणि २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत एकाधिकार संपला. म्हणजे जवळपास तीस वर्षं.

आता तुम्ही म्हणाल, हमीभाव हवा आणि बंधन नको, हे कसं चालेल? अहो, का नाही चालणार? सरकारने केंद्र उघडून बसावं, ज्याला परवडेल तो तिथे येईल. आधार देणं वेगळं आणि बाकीचे दरवाजे बंद करणं वेगळं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने बाजारपेठेचं आणि तंत्रज्ञानाचं स्वातंत्र्य मागितलं, त्यामागे हेच होतं. भाषणात ज्याला 'बळीराजा' म्हणायचं, त्या राजाला आपला कापूस कुणाला विकावा एवढंही कळत नाही असं कायद्याने गृहीत धरायचं, हा कुठला न्याय?

या विषयावर जॉन स्टुअर्ट मिलचं नाव घ्यावंच लागतं. १८५९ सालच्या 'ऑन लिबर्टी'त त्याने साधा नियम मांडला. माणसाला जबरदस्तीने अडवायचं तर त्याच्यामुळे दुसऱ्याला इजा होते म्हणूनच अडवता येईल. त्याचं स्वतःचं भलं हे कारण पुरेसं नाही. आपल्या आगरकरांवर या मिलचा मोठा प्रभाव होता. पण याच मिलने पस्तीस वर्षं, १८२३ ते १८५८, ईस्ट इंडिया कंपनीत नोकरी केली, आणि हा नियम मुलांना आणि 'मागासलेल्या' समाजांना लागू नाही असं त्याच पुस्तकात लिहून ठेवलं. म्हणजे आपण सगळे अजाण लेकरं आणि कंपनी सरकार मायबाप! गोरे गेले, पण साहेबाच्या खुर्चीत बसलेल्याला समोरचा माणूस अजाण वाटणं काही गेलं नाही.

अर्थात प्रत्येक बंधनाला हा शिक्का मारणंही बरोबर नाही. दारूबंदीचं बघा. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ ला दारूबंदी झाली, २०२१ ला उठली. पिणारा म्हणतो, माझा पैसा, माझं लिव्हर, सरकारचं काय जातं? पण मार खाणारी बायको आणि उपाशी झोपणारं पोर यांचं काय? इथे दुसऱ्याला इजा आहेच, म्हणजे मिलच्या नियमातही हे बंधन बसतं. शिवाय चंद्रपूरच्या बंदीमागे बायकांची चळवळ होती. गावातलं दुकान बंद करण्यासाठी आडव्या बाटलीला मत देणाऱ्या बायकाही स्वतःच निर्णय घेतात, कुणी त्यांच्या वतीने घेत नाही. बंदी टिकते का, चोरटी दारू वाढते का, हे वाद निराळे. पण तिला मायबापगिरी म्हणून झटकून टाकता येत नाही.

सरकारला बोलणं सोपं असतं म्हणा. घरात काय चालतं?

माझी आत्या आजारी पडली तेव्हा मी शाळेत होतो. शहरातल्या दवाखान्यात तपासण्या झाल्या, कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी वडीलमंडळींना बाजूला घेऊन सांगितलं, आणि मंडळींनी ठरवलं की आत्याला कळू द्यायचं नाही. ऐकून ती खचेल म्हणून. सगळ्यांचा तिच्यावर जीव होता, त्यात खोट नव्हती. आत्याच्या नावावर दोन एकर होतं, ते तिला लेकीच्या नावे करायचं होतं. बरी झाले की तहसीलला जाऊ, असं ती म्हणायची, आणि भोवतीचे सगळे मान डोलवायचे. ती बरी झाली नाही. जमिनीवरून नंतर भावंडांत जे झालं ते इथे लिहीत नाही, पण आत्याची लेक अजून एकच विचारते, "माझ्या मायचं दुखणं मायलाच का नाही सांगितलं?"

सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली प्रकरणात असाच प्रश्न सोडवला. तपासणीसाठी भूल दिलेली बाई बेशुद्ध असताना डॉक्टरांनी तिच्या आईची संमती घेतली आणि गर्भाशय काढलं. न्यायालयाने सांगितलं, रुग्ण सज्ञान आहे, जीव तातडीच्या धोक्यात नाही, तर संमती तिचीच हवी; आईची चालणार नाही. सख्ख्या आईचीही नाही, हे लक्षात घ्या.

२०२४ पासून लाडक्या बहिणीच्या नावाने महिन्याला १५०० रुपये बाईच्या स्वतःच्या खात्यात येतात. नातं जोडलेलं नाव ऐकून मला आधी धास्तीच वाटली होती. पण पैसा कशावर खर्च करायचा हे सरकार सांगत नाही, म्हणजे त्या अर्थाने ही योजना कापसाच्या योजनेपेक्षा बरी. मात्र किती घरांत एटीएम कार्ड लेकाच्या खिशात असतं, तेही बघा. "म्हातारीला काय कळतं त्यातलं? तिच्या भल्यासाठीच ठेवलंय." तेच वाक्य, नाही का?

आमच्यापासून सिंदखेडराजा जवळ, जिजाऊंचं जन्मगाव. आईबापाचं नाव घ्यायचं तर ते उदाहरण घ्यावं. १६६६ साली आग्र्याला जाताना शिवाजी महाराजांनी राज्याचा कारभार मासाहेबांकडे सोपवला. निर्णय घेणारा मुलगा आणि भरवशाची आई, अशी ती दोन मोठी माणसं होती. लेकरू मोठं झालं हे खऱ्या आईबापाला कळतं, आणि मग ते सल्ला देतात, पाठीशी उभे राहतात, पण किल्ल्या मागत नाहीत. कुणी तुमच्या भल्याची भाषा करू लागला, मग तो मंत्री असो, डॉक्टर असो की थोरला भाऊ, तर त्याला एवढंच विचारावं, "मी नाही म्हणालो तर?" त्याचं उत्तर ऐकावं आणि मगच मायबाप म्हणायचं की नाही ते ठरवावं.