अभियंता मोठा की डिझायनर?

इंदूरच्या राजेंद्रनगरात मराठी कुटुंबे पुष्कळ. बारावीचा निकाल लागला की येथील घराघरांत एकच चर्चा रंगते. मुलगा इंजिनिअरिंगला जाणार म्हटले की लगेच पेढे येतात. मुलगी डिझाइन शिकणार म्हटले की शेजारचे काका विचारतात, “म्हणजे चित्रे काढणार का?” काकांना हसण्यात अर्थ नाही. ज्या कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात माझ्या नोकरीची बरीच वर्षे गेली, तेथेही शिकल्या-सवरलेल्या माणसांची समजूत याहून फार वेगळी नव्हती. माझीही नव्हती.

गोंधळाचे मूळ शब्दात आहे. आमच्या कारखान्यात ‘डिझाइन’ म्हणजे गणित : दांडा किती जाड हवा, बोल्ट किती ताण सोसेल, पत्रा कोठे फाटेल. हे अभियंत्याचे काम. डिझाइन-संस्थेतून आलेला मनुष्य ‘डिझाइन’ म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे ती वस्तू वापरणारा माणूस असतो : त्याचा हात कोठवर पोचतो, त्याला काय दिसते, थकल्यावर तो काय करतो. एकाचा प्रश्न ‘हे टिकेल का?’, तर दुसऱ्याचा ‘हे वापरले जाईल का?’ दोन प्रश्नांना एकच नाव पडल्यामुळे आपण दुसरा प्रश्न विसरून गेलो.

विसरल्याची किंमत कशी मोजावी लागते, हे मी पाहिले आहे. पत्रा कापणाऱ्या एका प्रेसवर आम्ही संरक्षक जाळी बसवली. फिरत्या व धोकादायक भागांना आडोसा हवा, असे तेव्हा लागू असलेला १९४८ चा कारखाने अधिनियम कलम २१ मध्ये सांगत असे. जाळी भक्कम होती, चार नटांनी आवळलेली. तिचा आराखडा मीच तपासला आणि खाली सही केली. काही महिन्यांनी एका कामगाराच्या बोटाचे पेर त्या प्रेसमध्ये गेले. त्या वेळी जाळी काढून ठेवलेली होती. चौकशी अहवालात ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ अशी नोंद झाली, आणि ती वाचून मला सुटल्यासारखे वाटले, हे आज लाजेने सांगतो.

पुढे दुसऱ्याच कामासाठी एका डिझाइन-संस्थेतून एक तरुणी आली होती. ती त्या प्रेसजवळ एक अख्खी पाळी उभी राहिली. अडकलेले तुकडे काढण्यासाठी कामगाराला जाळी किती वेळा काढावी लागते, हे तिने मोजले. एका पाळीत एकतीस वेळा! दर खेपेस चार नट सोडायचे आणि चार आवळायचे. नेमून दिलेले नग भरायचे असतील तर जाळी बाजूला ठेवण्यावाचून त्या माणसाला गत्यंतरच नव्हते. माझी जाळी तुटली नाही, हे खरे. पण ती जागेवर राहील का, हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारलाच नव्हता.

तिने बिजागरीची जाळी सुचवली. मात्र तिने निवडलेली बिजागरी प्रेसच्या हादऱ्यांपुढे महिनाभरही टिकली नसती. ती मी बदलली आणि जाळी उघडताच वीज तुटेल असा स्विच जोडला. हे काम दोघांचे झाले. तिच्यावाचून मला प्रश्न दिसला नसता, माझ्यावाचून तिचे उत्तर टिकले नसते. म्हणून लेखाच्या शीर्षकातला प्रश्नच मला चुकीचा वाटतो.

आपल्या भागाला हे नवे वाटू नये. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे १८६९ साली जन्मलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला गेले. काही रंग नीट ओळखता येत नाहीत असे आढळल्यावर ते यंत्रांच्या रेखनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत तेच शिकवू लागले. पुढे बेळगावात सायकलींचे दुकान, मग कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते, या समजुतीमुळे पहिले नांगर पडून राहिले. नांगर बनवणे आणि तो शेतकऱ्याच्या हाती रुजवणे ही कामे वेगळी आहेत, हे त्यांना अनुभवाने कळले.

त्याच कडबा-यंत्राच्या जातीची यंत्रे उत्तर भारतात हजारो घरांत आली, आणि त्यांत बायकामुलांची बोटे जाऊ लागली. दिल्लीच्या आयआयटीतील दिनेश मोहन व त्यांच्या सहकाऱ्यांनी खेडोपाडी फिरून अपघात कसे होतात ते पाहिले. मुले रिकामे चाक फिरवून खेळतात, म्हणून चाकाला खीळ हवी. पात्यांवर आच्छादन हवे. वैरण सारणारा हात पुढे जाऊ लागताच सूचना मिळावी, म्हणून तोंडाशी एक रूळ हवा. उपाय साधे आणि स्वस्त, पण ते सुचण्यासाठी गोठ्यात जावे लागले.

कोणी म्हणेल, सर्वच यंत्रांना वापरणारा माणूस कोठे असतो? आमच्या राजेंद्रनगराजवळच १९८४ साली पायाभरणी झालेले प्रगत तंत्रज्ञान केंद्र आहे. २००५ पासून ते तुमकूरच्या राजा रामण्णांच्या नावाने ओळखले जाते. तेथील ‘इंडस-२’ या यंत्रात सुमारे १७२ मीटर परिघाच्या वलयातून इलेक्ट्रॉन धावतात. इलेक्ट्रॉन थकत नाही, त्याला नग भरायचे नसतात. तेथे अभियंत्याच्या गणिताचेच राज्य असावे हे मान्य. पण असे यंत्र चालवणारी, दुरुस्त करणारी माणसे असतातच, आणि रात्रपाळीत धोक्याचा दिवा त्यांच्या नजरेस पडलाच पाहिजे.

प्रत्यक्षात मात्र डिझायनरला बोलावतात ते शेवटी, यंत्र तयार झाल्यावर रंग सुचवायला. मग तोही रंगच सुचवतो आणि अभियंत्याचे मत पक्के होते की याला याखेरीज काही येत नाही. डिझायनरांचाही दोष आहे. पत्रा वाकतो कसा, साचा केवढ्याला पडतो, हे न शिकता सुंदर चित्रे पुढे करणारे काही मी पाहिले आहेत. माझे म्हणणे एवढेच की आराखड्यावर सही होण्यापूर्वी दोघांनी एका टेबलाशी बसावे, आणि त्याआधी दोघांनी यंत्रापाशी उभे राहावे.

प्राध्यापकांना माझी विनंती आहे की अभियांत्रिकीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला एक पूर्ण पाळी नुसते पाहायला पाठवावे, आणि डिझाइनच्या विद्यार्थ्याला कानस धरायला लावावी. आणि विद्यार्थी मित्रांनो, उद्या आराखड्यावर ‘तपासले’ असे लिहून सही कराल, तेव्हा नेमके काय तपासले हे स्वतःला विचारा. मी फक्त लोखंड तपासले होते.