कोड लपवू नका, दाखवा

सुरगाणा तालुक्यातून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यांच्या नववीतल्या मुलीच्या हनुवटीवर आणि बोटांच्या टोकांवर पांढरे डाग उमटले आहेत. शेजारीण म्हणते महारोग, भगत म्हणतो बाहेरची बाधा, आणि घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात मागच्या जन्मीचे पाप. मुलीने शाळा सोडली आहे. "हिचे लग्न कसे होणार?" हा पत्रातला शेवटचा प्रश्न. पत्र एका घरचे असले तरी प्रश्न पुष्कळ घरांचा आहे. म्हणून या वेळचे सदर आम्ही कोडासाठी राखले आहे.

कोड म्हणजे काय?

आपल्या कातडीत रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. शरीराची जी शक्ती एरवी रोगजंतूंशी लढते, तीच काही माणसांत या रंगपेशींवर उलटते. पेशी नष्ट होतात आणि तेवढी जागा दुधासारखी पांढरी पडते. यालाच कोड म्हणतात. डॉक्टर व्हिटिलिगो म्हणतात. जगात साधारण शंभर-दोनशे माणसांमागे एकाला ते असते. गोऱ्या माणसांनाही होते, सावळ्या अंगावर उठून दिसते एवढेच.

कोडात जंतू नसतात, त्यामुळे ते कोणाला लागत नाही. एका ताटात जेवल्याने, एकमेकांचे कपडे घातल्याने, बाळाला अंगावर पाजल्याने ते पसरत नाही. काही घराण्यांत त्याचा कल असतो, पण कोड असलेल्या बहुतेक आईबापांच्या मुलांना ते होत नाही. मासे खाऊन दूध प्याल्याने कोड होते ही समजूतही खोटी आहे. डाग आले म्हणून लेकराचे दूध, अंडी, सुकट बंद करू नका. त्याने डाग जात नाही, लेकरू मात्र अशक्त होते.

महारोग नव्हे

हिंदीत 'कोढ' म्हणजे महारोग आणि मराठीत 'कोड' म्हणजे पांढरे डाग. दोन्ही शब्द संस्कृतातल्या 'कुष्ठ' शब्दापासून आले. नावाच्या या घोटाळ्याने किती माणसे वाळीत पडली असतील!

कोडाचा डाग दुधासारखा पांढरा असतो आणि तिथे स्पर्श, टोचणे, ऊन-गार सगळे कळते. महारोगाचा चट्टा फिकट किंवा लालसर असतो आणि बहुधा बधिर असतो. मुलीला डोळे मिटायला सांगून डागावर कापूस हलकेच टेकवा. कळले तर धीर धरा. पण तेवढ्यावर थांबू नका, कारण चेहऱ्यावरच्या चट्ट्यात सुरुवातीला स्पर्श शाबूत असू शकतो. शिवाय शिबे आणि लहान मुलांच्या गालावरचे फिकट डाग वेगळेच असतात. म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा सुरगाण्याच्या ग्रामीण रुग्णालयात डाग दाखवावा. महारोग निघाला तरी त्याच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात आणि सहा किंवा बारा महिन्यांत तो बरा होतो. तेव्हा त्या रोग्यालाही दूर लोटण्याचे कारण नाही.

उपचार आणि एस.टी.चे भाडे

कोडावर एका रात्रीत गुण देणारे औषध नाही. पण उपचारच नाही असेही नाही. लावायची मलमे आहेत, विशिष्ट किरणांच्या दिव्याचा उपचार आहे, आणि डाग वर्षभर वाढला नसेल तर चांगली कातडी किंवा रंगपेशी डागावर बसवण्याची शस्त्रक्रियाही आहे. २०२२ साली अमेरिकेने कोडासाठी रक्सोलिटिनिब नावाच्या मलमाला मंजुरी दिली. डाग नवा असताना उपचार लवकर लागू पडतात. चेहऱ्यावर रंग चांगला परततो, ओठांवर व बोटांच्या टोकांवर कमी. म्हणजे या मुलीची हनुवटी आधी सुधारेल, बोटे मागे राहतील. ही गोष्ट आधीच ठाऊक असली म्हणजे दोन महिन्यांत निराश होऊन औषध सुटत नाही. निदान सहा महिने तरी थांबावे लागते.

दिव्याचा उपचार आठवड्यातून दोन-तीनदा घ्यावा लागतो. सुरगाण्याहून दिंडोरीमार्गे नाशिक सुमारे ९० किलोमीटर. आठवड्यात तीन खाडे आणि तीन वेळचे भाडे रोजंदारीच्या घराला कसे परवडावे? म्हणून नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात त्वचारोगाच्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत स्पष्ट विचारा: घरी लावण्याजोगे कोणते मलम आहे? किती महिन्यांनी पुन्हा यायचे? दिवा घेतला नाही तर किती फरक पडेल? थायरॉईडची तपासणी करायची का, हेही विचारा. कोडाबरोबर तो त्रास काहींना असतो. विचारण्यात कमीपणा नाही. मेडिकल दुकानातून मनाने मलम मात्र घेऊ नका. स्टेरॉइडचे मलम डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय महिनोन्महिने लावल्यास कातडी पातळ होते.

बावची, बिब्बा आणि जाहिराती

बावचीत सोरालेन नावाचे द्रव्य असते आणि डॉक्टरही ते किरणांच्या उपचारात मोजून वापरतात. पण घरी बावची लावून उन्हात बसले की कातडी भाजून फोड येतात. बिब्बा तर सरळ जाळतो. आणि कातडी जिथे भाजते, खरचटते, तिथे नवे कोड उमटू शकते. म्हणजे डाग घालवायला जावे आणि वाढवून बसावे! 'कोड मुळापासून बरे करू' असे छापणाऱ्यांपासूनही सावध राहा. अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे.

काही पांढरे डाग आपल्या वापरातल्या वस्तूंनीही पडतात. चिकट टिकलीच्या गोंदातली आणि रबरी चपलेच्या पट्ट्यातली काही रसायने रंगपेशी मारतात. डाग टिकलीच्या जागी किंवा पट्ट्याच्या आकाराचा असेल तर ती टिकली, ती चप्पल ताबडतोब बंद करा. पांढऱ्या जागेला ऊन लवकर भाजते. भातलावणीला किंवा द्राक्षाच्या कामाला जाताना पूर्ण बाह्यांचा सदरा आणि डोक्याला फडके असू द्या.

लग्नाचे काय?

मागच्या जन्मीच्या पापाची भीती आपल्या घरात तरी राहू नये. या जन्मीचे दुःख मागच्या जन्माच्या कर्माने ठरते ही कल्पना बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात नाकारली आहे.

कायद्याचेही ऐका. महारोग हे घटस्फोटाचे कारण धरले जाई. २०१९ साली तेही काढून टाकले. हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे, आणि त्यातल्या घटस्फोटाच्या कारणांत कोडाचे नाव कधीच नव्हते.

पुण्याच्या डॉ. माया तुळपुळे या शल्यचिकित्सक. स्वतःच्या अंगावर कोड आल्यावर त्या घरात लपून बसल्या नाहीत. त्यांनी कोड असलेल्यांसाठी 'श्वेता' ही संस्था उभी केली. माणसे तिथे एकमेकांना भेटतात, मनातले बोलतात. कोड असलेल्यांचे वधू-वर मेळावेही संस्थेने घेतले. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'नितळ' (२००६) या मराठी चित्रपटाची नायिका कोड असलेली डॉक्टरच आहे. मुलीबरोबर घरच्यांनीही तो पाहावा.

स्थळ येईल तेव्हा डाग पदराखाली झाकू नका. पाहण्याच्या दिवशीच सांगा आणि डॉक्टरांचा कागद दाखवा. जे उठून जातील ते आधीच कळले हे बरे. लपवून झालेल्या लग्नात मुलीला रोज भीत जगावे लागते, आणि उघडे पडल्यावर डागापेक्षा लपवाछपवीचाच बोल तिला ऐकावा लागतो.

पण ताई, नववीतल्या मुलीच्या लग्नाची घाई कशाला? मलम लागू पडायला महिने जातील. तोवर शाळेचे वर्ष बुडू देऊ नका. सोमवारी तिला शाळेत घेऊन जा, वर्गशिक्षकांना भेटा आणि कोड कोणाला लागत नाही हे त्यांनीच सगळ्या वर्गाला सांगावे अशी विनंती करा. दवाखान्याची खेप त्याच आठवड्यात करा.