जुना संगणक भंगारात देण्यापूर्वी

मुले शिकावीत म्हणून पोटाला चिमटा घेऊन संगणक घेतलेली कितीतरी कुटुंबे आपल्या वस्त्यांत आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची देखभाल थांबवली आणि या घरांपुढे प्रश्न उभा राहिला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सोय आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. दहा वर्षांपूर्वीचा संगणक तेथे नापास होतो. दुकानदार म्हणतो, नवा घ्या. आम्ही म्हणतो, जरा थांबा.

अशा संगणकावर लिनक्स मिंटसारखी प्रणाली फुकट बसवता येते. अर्ज, पत्रे, हिशेबाचे तक्ते यांसाठी लिबरऑफिस तिच्यासोबतच येते. अडते ते क्लासमध्ये शिकवलेला एखादा प्रोग्रॅम फक्त विंडोजसाठीच बनवलेला असतो तेव्हा. त्यावर ‘वाईन’ नावाचा उपाय आहे. नाव ऐकून वडीलधाऱ्यांनी दचकू नये, यात पिण्याचे काही नाही!

कोणताही प्रोग्रॅम एकट्याने काम करीत नाही. ‘ही फाईल उघड’, ‘पडद्यावर येथे चौकट काढ’ अशा मागण्या तो विंडोजकडे करीत असतो. लिनक्सला त्या मागण्यांची भाषा कळत नाही. वाईन मध्ये दुभाष्यासारखी बसते आणि प्रत्येक मागणी लिनक्सला समजेल अशी करून पुढे देते. त्यामुळे विंडोज विकत घ्यावे लागत नाही. प्रोग्रॅमचे स्वतःचे पैसे असतील तर ते मात्र द्यावेच लागतात. हे काम १९९३ साली सुरू झाले, १९९४ पासून अलेक्झांद्र ज्युलियार त्याचे पुढारपण करीत आहेत. आवृत्ती १.० निघायला २००८ साल उजाडले. पंधरा वर्षे! विंडोजची आतली रचना मायक्रोसॉफ्टने खुली केलेली नव्हती, म्हणून या मंडळींना ती बाहेरून पाहून, चाचपून नव्याने लिहावी लागली.

मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये वाईन मिळते. ती बसवली की ‘ईएक्सई’ फाईल तिच्यातून उघडावी. प्रोग्रॅमला हवा असलेला ‘सी ड्राइव्ह’ वाईन आपल्याच फोल्डरात तयार करून देते.

सगळेच चालते असे मात्र नाही. यूएसबीला कुलूपकिल्ली लावून चालणारे महागडे प्रोग्रॅम बहुधा रुसतात. मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या नव्या आवृत्त्यांचाही भरवसा धरू नये. प्रिंटर आणि स्कॅनरचे विंडोजचे ड्रायव्हर वाईनमधून चालत नाहीत, ते लिनक्सचेच लागतात. कोणता प्रोग्रॅम कितपत चालतो याची यादी वाईनवाल्यांनी ठेवली आहे. तीत ‘प्लॅटिनम’पासून ‘गार्बेज’, म्हणजे कचऱ्यापर्यंत दर्जे आहेत. आपला प्रोग्रॅम तीत आधी शोधावा. मुलीची संगणकाची परीक्षा पंधरा दिवसांवर आली असेल तर हा प्रयोग तूर्त करूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. तिला क्लासमधला तोच प्रोग्रॅम, तशाच पडद्यावर, सरावाला हवा असतो.

आणखी एक गोष्ट. लिनक्सला व्हायरस लागत नाही असे मुले छातीठोकपणे सांगतात. पण वाईनमधून विंडोजचा व्हायरसही चालू शकतो, आणि नेहमीच्या मांडणीत त्याला आपल्या घरच्या फायली दिसतात. तेव्हा कोणीतरी पेनड्राईव्हवर आणून दिलेला ‘फुकट’ प्रोग्रॅम वाईनमध्येही उघडू नये.

घाई करण्याचे कारण नाही. लिनक्स मिंट पेनड्राईव्हवरून, डिस्कवरचे काही न पुसता, चालवून पाहता येते. पडदा, आवाज, इंटरनेट, छपाई, सर्व दोन-चार दिवस तपासावे. कायमचे बसवायचे ठरले तर त्यापूर्वी जातीचे दाखले, गुणपत्रिका, लग्नाचे फोटो दुसऱ्या पेनड्राईव्हवर उतरवून घ्यावेत आणि तो दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावा. बसवताना एक चुकीचे बटण दाबले तरी जुनी डिस्क पूर्ण पुसली जाते.