तिसऱ्या तुकडीचा वेळ

खो-खोत वेळ वाटून देता येत नाही, तो कमवावा लागतो, असे प्रशिक्षक सांगतात. हे अर्धेच खरे. मोठ्यांच्या नऊ मिनिटांच्या डावात संरक्षक तिघा-तिघांच्या तुकड्यांनी उतरतात. एक तुकडी बाद झाल्याखेरीज दुसरीचा पाय मैदानात पडत नाही. तेव्हा क्रम लावणे हेच वेळेचे वाटप. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या पहिल्या विश्वचषकात डाव सात मिनिटांवर आला, तरी तुकड्या राहिल्याच.

बाद फेरी आली की उत्तम तिघे पहिल्या तुकडीत जातात. आमच्या नसरापूरसारख्या गावाच्या संघात तिसरी तुकडी मग नावापुरती उरते. (चुन्याच्या रेघा मात्र बहुधा तीच आखते.) हा हिशेब मला कच्चा वाटतो. पहिल्या दोन तुकड्या पाचव्या मिनिटाला संपल्या, तर उरलेली चार मिनिटे कोणाच्या पायांवर? ज्यांना साखळीत कधी पळूच दिले नाही, त्यांच्या!

साखळीतला एखादा सामना तिसऱ्या तुकडीनेच सुरू करावा, हरलो तरी. आणि बाद फेरीत एक खंदा संरक्षक शेवटच्या तिघांत राखावा. पहिली तुकडी थोडी उणी पडेल, हे मान्य.