भरतीच्या वेळची जागा

डिसेंबर उजाडला की आमच्यासारख्यांच्या गळ्यात दुर्बीण येते आणि घरच्यांच्या कपाळावर आठ्या. रविवारी पहाटे साडेचारला उठून चिखल बघायला कोण जातं, हा त्यांचा प्रश्न तसा रास्तच आहे. पण आज मला पक्षी किती सुंदर असतात वगैरे लिहायचं नाहीये. ते सगळेच लिहितात. मला एक साधी तक्रार मांडायची आहे. आपण पक्षी बघायला नेहमी ओहोटीला जातो. भरतीला कोणी जात नाही. आणि या एका सवयीमुळे आपण काय गमावतोय ते आपल्या ध्यानातच येत नाही.

उरणचंच उदाहरण घेऊ. नकाशात मुंबई बंदराच्या तोंडाशी, घारापुरीच्या दक्षिणेला, जमिनीचं एक नाक पुढे आलेलं दिसतं. त्यावर द्रोणागिरीचा डोंगर. पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला करंजाची खाडी आणि पलीकडे रेवस. उत्तरेला न्हावा-शेव्याचं बंदर. डोंगराच्या पायथ्याशी खडकाळ किनारा, आणि आतल्या बाजूला पाणजे, बेलपाडा, भेंडखळ अशा गावांजवळ पसरलेली खाजणं, मिठागरं, पाणथळी. म्हणजे एका सकाळी खडकावरचे कुरव आणि सुरय बघावेत आणि नाश्ता करून चिखलातले टिलवे, तुताऱ्या, चिखल्ये बघावेत, अशी दुहेरी सोय. (तपकिरी डोक्याचा कुरव शोधताना नवख्यांची फार पंचाईत होते बरं का. हिवाळ्यात त्याचं डोकं पांढरं असतं, कानामागे फक्त एक काळसर ठिपका. तपकिरी डोकं वीण हंगामाचं, आणि ते मिरवायला तो लडाख-तिबेटकडच्या तळ्यांवर जातो.)

आता ओहोटीला काय होतं? पाणी मागे हटतं, मैलोगणती चिखल उघडा पडतो आणि पक्षी त्यावर विखुरतात. छोटा टिलवा चोचीने भराभर टोचत धावतो, कोरल आपली लांब वाकडी चोच खोलवर खुपसतो, मळगुजा पोटापर्यंत पाण्यात उभा. ज्याची जशी चोच तसं त्याचं जेवण. आपण फोटो काढतो, नोंदी करतो, खूश होऊन घरी येतो.

आणि भरतीला? सहा तासांनी तो सगळा चिखल पाण्याखाली जातो. मुंबईच्या किनाऱ्यावर मोठ्या उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं. मग ते हजारो पक्षी जातात कुठे? पंचवीस-तीस ग्रॅमचा टिलवा काही पाण्यावर तरंगत बसत नाही. त्याला उभं राहायला जागा लागते: उथळ पाण्याची किंवा कोरडी, आणि चारी बाजूंनी मोकळी, म्हणजे ससाणा आला तर लांबून दिसेल. काही जाती खारफुटीच्या फांद्यांवरही बसतात, पण बहुतेकांना दाट झाडी नकोच असते. पाणजेसारखी पाणथळ म्हणजे नेमकी ही जागा. तिथे ते एका पायावर उभे राहतात, चोच पाठीत खुपसतात आणि पाणी उतरायची वाट बघतात. बघणाऱ्याला हे दृश्य कंटाळवाणं वाटेल. पण सैबेरियाच्या टुंड्रापर्यंत परत जायचं असलेल्या पक्ष्यासाठी हा वेळ वाया गेलेला नसतो. खाल्लेलं अंगी लागायचं तर मध्ये विसावा हवा. काही जाती परतीच्या प्रवासाआधी चरबी साठवून आपलं वजन दीडपट करतात. भरतीच्या वेळी दर अर्ध्या तासाला उडावं लागलं, तर ओहोटीत कमावलेलं भरतीत खर्च होतं.

थोडक्यात, या पक्ष्यांची दोन घरं आहेत. एक जेवायचं, एक विसाव्याचं. एक मोडलं की दुसरं आपोआप निकामी होतं. आणि आपले कायदे, आपली अभयारण्यं आणि आपलं कौतुक यांतलं बरंचसं जेवायच्या घरापुरतंच आहे.

बघा ना. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं, सुमारे १६९० हेक्टरचं. ऑगस्ट २०२२ मध्ये ते रामसर यादीतही गेलं. उत्तम झालं. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये खारफुटीच्या तोडीवर राज्यभर बंदी कायम केली, तेही उत्तमच. पण मोकळी उथळ पाणथळ खारफुटीत मोडत नाही. ती मीठ पिकवण्यासाठी किंवा मत्स्यशेतीसाठी बांधलेली असेल तर २०१७ च्या पाणथळ नियमांतूनही ती वगळलेली आहे. झाड नाही, पीक नाही, अभयारण्याची पाटी नाही. मग कागदावर ती काय ठरते? पडीक जमीन. द्रोणागिरीच्या नगररचनेच्या नकाशात पाणजेच्या सुमारे २८९ हेक्टरांना सेक्टरांचे आकडे आहेत. त्या आकड्यांना भरती कळत नाही.

अशी जागा मारायला बुलडोझरसुद्धा लागत नाही, हे आणखी वाईट. खाजणात भरतीचं पाणी आत घेणारी उघाडी असते. ती बंद ठेवली किंवा नाल्यात चार डंपर राडारोडा पडला की झालं. पाणी येणं थांबतं, चिखल भेगाळतो आणि दोन वर्षांत कोणीही म्हणू शकतो, इथे कुठे पाणथळ आहे, ही तर कोरडी जमीन! नेरूळच्या डीपीएस तळ्याचं २०२४ च्या उन्हाळ्यात असंच झालं. भरतीचं पाणी येण्याचे मार्ग बुजले, तळं आटलं आणि परिसरात फ्लेमिंगो मेलेले सापडले. त्यानंतर झालेल्या ओरडीतून २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने ते सुमारे तीस एकरांचं तळं संवर्धन राखीव करायला मान्यता दिली. ओरड करणाऱ्यांचे आभारच मानायला हवेत. पण प्रत्येक तळ्यासाठी आधी मेलेले फ्लेमिंगो लागणार असतील तर कठीण आहे. टिलवे मेले तर बातमीसुद्धा होत नाही. ते गुलाबी नसतात ना!

आता यावर एक आक्षेप येतो आणि तो मला खोटा वाटत नाही. पक्ष्यांचं राहू द्या, माणसांचं काय? उरण-पनवेलच्या आगरी-कोळी गावांनी बंदरासाठी, नव्या शहरासाठी शेती दिली, मिठागरं दिली, मासेमारीच्या जागा दिल्या. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या जासईच्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच जण गेले, तेव्हा कुठे साडेबारा टक्के विकसित जमिनीचं तत्त्व पदरात पडलं. अशा गावात गाडीने जाऊन 'तुमची जमीन पक्ष्यांसाठी ठेवा' असं शहाणपण शिकवणं हा उद्धटपणा आहे. मात्र एक लक्षात घ्या. उघाडी बंद होते तेव्हा कोळंबी आणि जिताडाही जातो, आणि पावसाळ्यातल्या उधाणाचं पाणी मुरायला जागा न मिळाल्याने शेतात-घरात शिरतं. भरतीची जागा गेल्याचा पहिला फटका गावालाच बसतो. पक्षी फक्त ते आधी सांगतात.

विमानतळाचंही तसंच. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं, २५ डिसेंबरपासून विमानं उडायला लागली. पक्षी आणि विमान एकत्र नकोत यावर दुमत नाही. पण पाणथळी बुजवल्याने पक्षी नाहीसे होत नाहीत, ते दुसरी मोकळी सपाट जागा शोधतात. आणि धावपट्टीइतकी मोकळी सपाट जागा दुसरी कुठली?

तर माझं म्हणणं साधं आहे. भरतीला जा. वेळ काढायला यंत्र नको, भिंतीवरचं कॅलेंडर पुरे. कोकणातला जुना हिशेब असा की तिथीची पाऊणपट करावी, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. थोडं इकडेतिकडे होतं, पण चालतं. त्या वेळी आपल्या जवळच्या एखाद्या नाव नसलेल्या तळ्यावर, खाजणावर, मिठागराच्या बांधावर जाऊन उभे राहा. लांबूनच, कारण आपल्यामुळे थवा उडाला तर आपणही त्याच खर्चात भर घालतो. किती पक्षी आहेत, साधारण कुठल्या जातीचे, तारीख, वेळ, पाणी आत येतंय की नाही, एवढं लिहून ठेवा. आशियात १९८७ पासून दर जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना होते, तिथे ही नोंद द्या. भरतीला सगळे पक्षी एकत्र जमतात, म्हणून मोजायलाही तीच वेळ सोपी.

दुर्मीळ पक्ष्याच्या फोटोला शाबासकी मिळते, 'शेकाट्या १४०, टिलवे ६००' अशा रुक्ष ओळीला कोणी वाहवा म्हणत नाही. पण उद्या कोणी म्हणालं की इथे कधी पाणी नव्हतंच, तर उत्तर त्या ओळीतूनच देता येईल. दहा हिवाळ्यांच्या अशा ओळी असल्या तर पडीक हा शब्द लिहिताना कुणाचा तरी हात अडखळेल, एवढी आशा मला आहे.

या पौर्णिमेला भरती बाराच्या सुमाराला आहे. डब्बा घेऊन निघालात तरी चालेल.