शाल नको, काम द्या

आपल्याकडे वडीलधाऱ्यांचा मान मोठा. भालकीत कोणताही समारंभ असो, एखाद्या वृद्ध गृहस्थास अध्यक्षस्थानी बसवावे, शाल-श्रीफळ अर्पावे, आणि मग गावाच्या कामाचा विचार मात्र त्यांना वगळून करावा, अशी रीत पडून गेली आहे. हा आदर खरा, परंतु अपुरा होय.

महर्षी धोंडो केशव कर्वे १९१४ साली फर्ग्युसन महाविद्यालयातून निवृत्त झाले. १९१६ साली, अठ्ठावन्न वर्षांचे असताना, त्यांनी महिला विद्यापीठ स्थापिले. १९३६ साली, अठ्ठ्याहत्तरीच्या सुमारास, खेड्यांतील मुलांसाठी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढले. आपल्या भालकीच्या हिरेमठाचे डॉ. चन्नबसव पट्टद्देवरू निजामी अमदानीत कन्नड शिक्षणासाठी झटले आणि उतारवयात बसवकल्याणच्या अनुभव मंटपाच्या उभारणीत रमले. १९९९ साली ते निवर्तले, तेव्हा त्यांनी वयाची शंभरी ओलांडली होती. ह्या दोघांनीही विश्रांती मागितली नाही.

वृद्ध माणसे जुन्या रूढींना चिकटून राहतात, असा आक्षेप तरुण घेतात. तो सर्वस्वी खोटा नाही. परंतु १९४४ साली समता संघ स्थापन करणारे कर्वे शहाऐंशी वर्षांचे होते, हे विसरून कसे चालेल? पुढारीपण केवळ वयामुळे देऊ नये, तसे केवळ वयामुळे नाकारूही नये.

आपल्या ह्या सीमाभागात मराठी, कन्नड व उर्दू एकत्र नांदतात. निजामी काळातील उर्दू दप्तर वाचू शकणारी माणसे आता विरळ होत चालली आहेत. कोणती विहीर कोणत्या दुष्काळात आटली, ओढ्याचे पाणी पूर्वी कोणत्या वाटेने जाई, हे शेतकरी आजोबांस तोंडपाठ असते. कोणत्या घरच्या मुलीची शाळा का सुटली, हे शेजारच्या आजीस हजेरीपटापेक्षा अधिक कळते. मग विहिरीतील गाळ काढण्याची देखरेख व हिशेब ग्रामसभेने आजोबांकडे का सोपवू नये? शाळा सुटलेल्या मुलींना परत आणण्याचे काम आजींकडे का देऊ नये? निर्णय त्यांचा असावा, फावडे आपल्या हाती असावे.

विद्यार्थिमित्रांनो, येत्या सुट्टीत वडीलधाऱ्यांस नमस्कार करून थांबू नका. "गावासाठी आमच्याकडून कोणते काम करून घेता?" असे त्यांस विचारा, आणि ते सांगतील ते काम पुरे करून दाखवा. खरा सत्कार तोच.