कुंकळ्ळीचे हुतात्मे नक्की कोण?

मंडळी, आमच्या संभाजीनगरात 'हुतात्मा' म्हटलं की सिद्धार्थ उद्यानातला मुक्तिसंग्रामाचा स्तंभ आणि १७ सप्टेंबर आठवतो. तिथे कोण कुठल्या बाजूला होतं हे स्पष्ट आहे. सध्या गोव्याचा इतिहास वाचतोय, आणि तिथे हाच शब्द फार अवघड होऊन बसतो.

रुडॉल्फ अक्वाविवा हा इटलीतल्या उमराव घराण्यातला जेझुइट पाद्री. १५८० ते १५८३ तो अकबराच्या दरबारात होता. मौलवींशी त्याने उघड वाद घातले, तरी सुखरूप परतला. आणि काही महिन्यांतच, जुलै १५८३ मध्ये, गोव्यात साष्टीतल्या कुंकळ्ळी गावी चार जेझुइट सोबत्यांसह मारला गेला! चर्चसाठी जागा बघायला गेले होते. बरोबरच्या एकाने बंदूक उचलली तेव्हा पाशेको नावाच्या पाद्र्याने त्याला थांबवलं, असं चर्चची परंपरा सांगते. मरण समोर असताना हे सोपं नाही. त्या धैर्यापुढे मी मान झुकवतो.

पण गाव एवढं का चिडलं? कारण त्याआधी पोर्तुगीजांनी तिथली देवळं पाडली होती. गावची शांतादुर्गा फातर्प्याला हलवावी लागली. आजही ती 'कुंकळ्ळीकरीण'च म्हणवते. पाद्री निःशस्त्र असतीलही, पण त्यांच्या पाठीशी फौज होती. क्रूस आणि फौज वेगवेगळे आहेत हे गावकऱ्यांनी कसं ओळखायचं?

पुढे गावच्या नायकांना बोलणी करायला म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि दगा देऊन ठार केलं. १८९३ साली पोपने पाच जेझुइटांना 'धन्य' घोषित केलं, म्हणजे संतपदाच्या अलीकडची पायरी. नायकांचं स्मारक व्हायला मात्र चारशेहून जास्त वर्षं लागली.

आणि तिसरे? पाद्र्यांबरोबर काही स्थानिक ख्रिस्तीही मेले. त्याच दिवशी, त्याच जागी. 'धन्य' यादीत ते नाहीत, नायकांच्या स्मारकावर असण्याचा प्रश्नच नाही.

माझं मत विचाराल तर बलिदान मोजताना मरणाऱ्याचं धैर्य बघावंच, पण त्याच्या मागे कुणाची सत्ता उभी होती हेही बघावं. आणि ज्यांच्या बाजूने लिहायला कुणीच नव्हतं त्यांना आधी आठवावं. कुंकळ्ळीत मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतात ते हे तिसरे.

तुम्हाला काय वाटतं?